मान वर करून बोल, मुली!

आमच्या उंद्रीतली शेतमजुराची मुलगी जी.एन.एम. नर्सिंगची तीन वर्षे जिद्दीने काढते, परंतु मुलाखतीला बसली की तिचा आवाज बसतो. अभ्यास कमी नसतो. अनोळखी माणसांसमोर बोलण्याची सवय नसते.

म्हणून रविवारी वंदना झाली की आम्ही विहारात सराव घेतो. सतरंजीवर टेबल मांडून निवृत्त गुरुजी, एक नर्सताई आणि आम्ही कारकून असे तिघे साहेब बनतो. मुलगी प्रमाणपत्रांची फाईल घेऊन, परवानगी मागून आत येते.

नर्सताई विचारतात, "इंजेक्शनपूर्वी काय पाहाल?" योग्य रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ, हे पाचही पाठ असतात, पहिल्या रविवारी तीनच आठवतात. तिसऱ्या रविवारी पाचही येतात. मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १००, हेही न चाचरता सांगते. येत नसेल तर "माहीत नाही, विचारून घेईन" म्हणावे. अंदाजाचे उत्तर रुग्णाच्या जिवावर बेतते.

एकीला आम्ही विचारले, "वडील काय करतात?" तिची मान खाली गेली. आम्ही तोच प्रश्न पुन्हा विचारला. चौथ्या वेळी ती म्हणाली, "शेतमजुरी करतात. त्यांच्याच मजुरीवर मी शिकले." मागे बसलेल्या बापाने डोळे पुसले.

आईबाबांनो, आज जेवणानंतर लेकीला समोर बसवा. पाच प्रश्न विचारा. चुकली तर हसू नका, पुन्हा विचारा.