उघड्या दारांचे बालपण

चाळिशी ओलांडलेली चार माणसे कोठेही जमू देत, लग्न असो, नामकरण असो की पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, जेवणे आटोपली की एक विषय हमखास निघतो. "आम्ही सकाळी घराबाहेर पडायचो ते दिवे लागल्यावरच घरी. आताच्या पोरांना काय कळणार ती मजा!" मग विटीदांडू निघतो, लगोरी निघते, समुद्रावर चोरून पोहायला गेल्याची हकीकत निघते. कोपऱ्यात मोबाईलमध्ये मान घालून बसलेली पोरे ऐकून न ऐकल्यासारखे करतात. या गप्पांत आम्हीही हिरिरीने भाग घेतो. परंतु अलीकडे वाटू लागले आहे की, या आठवणी नुसत्या उगाळत बसण्यापेक्षा त्यांचा एकदा हिशेब मांडावा. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर आणि पोटापाण्यासाठी कारकून. जमा आणि नावे अशा दोन्ही बाजू लिहिल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही.

आधी जमेची बाजू. आमचे बालपण वरळीच्या बी. डी. डी. चाळीत गेले. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट या सरकारी खात्याने १९२० नंतरच्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे या चाळी उभारल्या. एकूण २०७, त्यांतल्या १२१ एकट्या वरळीत. तळमजला अधिक तीन मजले, एका मजल्यावर २० खोल्या, म्हणजे एका चाळीत ८० बिऱ्हाडे. खोली १६० चौरस फुटांची. त्यात आमच्या घरची आठ माणसे आणि गावाहून नोकरीच्या शोधात आलेला एखादा पाहुणा. घरात बसायला जागाच नव्हती, म्हणून आम्ही बाहेर होतो. आमच्या त्या गाजलेल्या स्वातंत्र्याचे पहिले कारण इतके साधे आहे!

पण बाहेर म्हणजे वाऱ्यावर नव्हे. चाळीच्या मधोमध लांबलचक पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या, आणि दिवसभर सगळी दारे सताड उघडी. दार लावलेले दिसले की लोक विचारपूस करीत, "काय गं, घरात कोणी आजारी आहे का?" शाळेतून आल्यावर आई घरात नसेल तर शेजारच्या काकींच्या दारात बसायचे, त्या भाकरीचा तुकडा हातावर ठेवीत. जिन्यावरून उडी मारताना कोणी पाहिले तर कान पिळायचा अधिकार चाळीतल्या प्रत्येक मोठ्या माणसाला होता, आणि घरी तक्रार केली तर आणखी एक धपाटा मिळे. जांबोरी मैदानावर आम्ही किती वेळ खेळलो, कोणाबरोबर खेळलो, कोणाशी भांडलो, याची खबर आमच्या आधी घरी पोचलेली असे.

१४ एप्रिलच्या आधी पंधरा दिवस तर आम्ही घरचे नसूच. पताका चिकटवायच्या, खळ शिजवायची, वर्गणीच्या पावत्या मोठ्यांच्या मागे मागे घेऊन फिरायचे. जयंतीच्या रात्री मिरवणूक परत येईपर्यंत आठ-दहा वर्षांची पोरे जागी असत, त्यांना कोणी झोप म्हणत नसे. ६ डिसेंबरला आम्ही दहा-बारा मुले वरळीहून प्रभादेवीमार्गे चालत चैत्यभूमीवर जात असू. बरोबर सर्वांत मोठा मुलगा नववीतला. त्या अलोट गर्दीत कोणी हरवला तर काय करायचे हे आधी ठरलेले असे: जवळच्या समता सैनिक दलाच्या सैनिकाला गाठायचे आणि चाळीचा नंबर सांगायचा. रस्ते ओळखणे, माणसे ओळखणे, अनोळखी माणसाला नीट विचारणे, या गोष्टी आम्ही अशा शिकलो. कार्यकर्ता होण्याचे आमचे शिक्षण तेच.

येथे एक गोष्ट नमूद केलीच पाहिजे, कारण गप्पांत ती कोणी काढत नाही. आमच्यावर लक्ष ठेवणारी एवढी माणसे दिवसाढवळ्या चाळीत कोठून आली? गिरण्या जोरात होत्या तेव्हा तीन पाळ्यांमुळे कोणी ना कोणी घरी असेच. परंतु १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले आणि त्यांतले कित्येक पुन्हा कधी गिरणीत गेलेच नाहीत. आमच्या लहानपणी जिन्यापाशी पत्ते कुटत बसलेले, आम्हाला "हळू पळा रे" म्हणणारे काका आणि अण्णा हे काम सुटलेले लोक होते. त्यांच्या घरात काय शिजत होते, कोणाच्या बायकोने डबे करायला घेतले होते, हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळले.

आता नावे बाजू. तिचा पहिला आकडा आमच्या ताईने सांगितला. मागच्या वर्षी अशाच एका बैठकीत आमचे 'मोकळे बालपण' रंगात आले असता ती भांडी आवरता आवरता म्हणाली, "तू मोकळा होतास रे. मी पहाटे चारला उठून नळावर नंबर लावत होते." हे अक्षरशः खरे आहे. पाण्याची पिंपे भरणे, धाकट्याला कडेवर घेऊन फिरणे, आईच्या हाताखाली भाकऱ्या थापणे, हे तिचे बालपण. डबा ऐसपैसमध्ये ती आमच्यापेक्षा चपळ होती, पण बाराव्या वर्षी "मोठी झालीस आता" म्हणून तिचा खेळ एका दिवसात बंद झाला. संडास मजल्याच्या टोकाला, सगळ्यांचा एकच. रात्री तिकडे जायचे तर ती आईला उठवी. एखादा दारुडा जिन्यात पडलेला असला तर तेही नाही, सकाळपर्यंत कळ सोसायची. उघड्या दारांच्या त्याच चाळीत मुलींना वाईट स्पर्श झाले, आणि दारे उघडी असूनही तोंडे बंद राहिली. आमच्या पिढीच्या बायका एकमेकींत हे बोलतात. पुरुषांनीही ऐकून घ्यावे.

दुसरा आकडा भीतीचा. १९७४ च्या जानेवारीत वरळीत दलित पँथरच्या सभेनंतर दंगल उसळली. १० जानेवारीला परळच्या मोर्चात भागवत जाधव यांचा बळी गेला आणि एप्रिलपर्यंत वस्ती अधूनमधून पेटत राहिली. तेव्हा आमचा जन्म व्हायचा होता. परंतु शाळेत जायला निघालेल्या मुलांना बाया जिन्यातून माघारी ओढीत, हे आम्ही आईच्या तोंडून ऐकले आहे. आमच्या स्वतःच्या आठवणीत १९९२-९३ ची संचारबंदी आहे, आणि १२ मार्च १९९३ चा वरळीच्या सेंच्युरी बाजारचा बॉम्बस्फोट. त्यानंतर कितीतरी दिवस आम्हाला चाळीच्या फाटकाबाहेर पाऊल टाकू दिले गेले नाही. म्हणजे 'त्या काळी मुलांना कसली भीतीच नव्हती' हेही खरे नव्हे.

आणखी मागे गेलो तर आजोबांचे गाव येते. आजोबा सांगत, रान सगळे आपलेच होते; आंबे, करवंदे, नदीचा डोह, कोणी अडवीत नसे. वस्तीला परतल्यावर मात्र पाणवठा आपला नव्हता, देवळाचा ओटा आपला नव्हता, शाळेत बसायची जागाही वेगळी. रान मोकळे आणि विहीर बंद, असे ते स्वातंत्र्य.

याबाबत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेली एक हकीकत प्रत्येक घरात मुलांना वाचून दाखवावी अशी आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या छोट्या आत्मकथनात ती पहिलीच आहे. साल १९०१. वडील कोरेगावला नोकरीस होते. सुट्टीत त्यांच्याकडे जाण्यासाठी नऊ-दहा वर्षांचे भीमराव, भाऊ आणि भाचा असे साताऱ्याहून एकटेच आगगाडीने निघाले. नवे कपडे, खिशात पैसे, पहिलाच प्रवास. आजच्या आईबापांना या नुसत्या कल्पनेने घाम फुटेल! मसूर स्टेशनावर उतरेपर्यंत सारा आनंद होता. मुलांची जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला, गाडीवाले तयार होईनात. दुप्पट भाडे कबूल केल्यावर एक तयार झाला, तोही या अटीवर की बैलगाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार. रात्री जकात नाक्यावर शिदोरी होती, पण प्यायला पाणी मिळाले नाही. मुले उपाशी निजली. एकटे जाण्याचे स्वातंत्र्य त्यांना पुरेपूर होते. कमतरता होती ती वाटेवरच्या माणसांची.

आम्ही या सगळ्या हिशेबातून एवढेच काढतो की, मुलाला किती लांब जाऊ दिले यावर त्याचे मोकळेपण ठरत नाही. वाटेवर त्याला आपले म्हणणारी किती दारे आहेत, यावर ते ठरते. चाळीत ती दारे होती, निदान मुलग्यांना होती. आज काय आहे?

आज आम्ही बदलापुरात राहतो. घरात स्वतःचा नळ आहे, स्वतःचा संडास आहे. त्याबद्दल आम्हाला कधीही हळहळ वाटलेली नाही आणि वाटणारही नाही. पण दार दिवसभर बंद. नवरा-बायको दोघेही लोकलने कामाला जातात, मूल शाळेतून येऊन कुलूप उघडते आणि आतून कडी लावते. खाली जिथे खेळावे तिथे मोटारसायकली उभ्या. उरलेला वेळ क्लास खातो. हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. इंग्लंडमध्ये १९७१ साली सात-आठ वर्षांच्या मुलांपैकी ८० टक्के मुले मोठ्या माणसाशिवाय शाळेत जात होती. १९९० साली अशी मुले फक्त ९ टक्के उरली. मुले काही एकोणीस वर्षांत निर्बुद्ध झाली नव्हती. रस्त्यावर मोटारी वाढल्या आणि आईबापांच्या मनात धास्ती वाढली.

आमच्या गावात धास्तीला कारणही आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये येथील एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला आणि २० ऑगस्टला संतापलेल्या लोकांनी तासन् तास रेल्वे रोखून धरली. त्या दिवसापासून कित्येक घरांत मुलींचे बाहेर जाणे बंद झाले. पण वाचकहो, ते कुकर्म रस्त्यावर झाले नव्हते. चार भिंतींच्या आत, फाटक बंद असताना झाले होते. मग कोंडून ठेवण्याने नेमके काय साधले?

आमची मुलगी आठवीत आहे. शनिवारी अंबरनाथला चित्रकलेच्या वर्गाला मैत्रिणीबरोबर लोकलने जाते म्हणाली. एकच स्टेशन. घरात आठवडाभर वाद चालला, पत्नीचा ठाम नकार. शेवटी ताई आली आणि म्हणाली, "मला बाराव्या वर्षी घरात घेतलंत. हिलाही घ्यायचंय का? दोनदा तिच्याबरोबर जा, तिकीट काढायला शिकव, बायकांचा डबा कुठे येतो ते दाखव, कोणी अंगाशी आलं तर ओरडायला सांग. आणि मग सोड." तसेच केले. पहिल्या शनिवारी गाडी सुटल्यावर आम्ही फलाटावरच उभे राहिलो. आठ-दहा मिनिटांत फोन आला, "बाबा, पोचले." आता सहा महिने झाले, ती जाते. स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्या मावशींना आम्ही तिची ओळख करून दिली आहे. उशीर झाला की त्या विचारतात, "आज कुठं अडकली गं?"

वरळीतही आता चाळी पडत आहेत. १४ ऑगस्ट २०२५ रोजी पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० वरून ५००, आणि घरात संडास! शंभर वर्षे खितपत पडलेल्या माणसांचा तो हक्कच आहे, आनंद आहे. आमचे बालमित्र चाळीस मजली इमारतीत राहायला जाताहेत. त्यांना आमची एकच विनंती आहे. पहिल्या सर्वसाधारण सभेत पाणी, लिफ्ट, पार्किंग हे विषय येतीलच. त्यांबरोबर मुलांच्या खेळाचा विषय लेखी द्या. मंजूर नकाशात खेळासाठी मोकळी जागा दाखवली असेल तर तिथे गाड्या लावता येत नाहीत. नकाशाची प्रत सोसायटीकडे मागा, न मिळाल्यास माहितीच्या अधिकारात २००५ च्या कायद्याने मागा. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील ३१ वे कलम खेळाचा हक्क मान्य करते आणि आपला देश १९९२ साली त्या संहितेत सामील झालेला आहे, हेही अर्जात लिहा. कारकुनाचा अनुभव सांगतो, कलमाचा आकडा घातला की अर्ज जरा लवकर हलतो.

आमच्या सोसायटीत दोन वर्षांपूर्वी 'आवारात खेळण्यास सक्त मनाई' असा फलक लागला होता. अर्ज केला, तीन सभांत भांडलो. आता दर रविवारी सकाळी सात ते दहा गाड्या मागच्या बाजूला लावतात. दोन निवृत्त गृहस्थ आणि तळमजल्यावरच्या आजी खुर्च्या टाकून बसतात. पहिल्या रविवारी सहा मुले आली, सगळे मुलगे. मग ताईने सुचवले तसे घरोघरी जाऊन मुलींच्या आयांना सांगितले की, रविवारचा नाश्ता पोरीच्या हातचा नको, बापाच्या हातचा खा. गेल्या रविवारी एकवीस मुले होती, त्यांत नऊ मुली. लगोरीला चकत्या नव्हत्या. फरशीचे काम करणाऱ्या एका शेजाऱ्याने उरलेल्या लादीचे सात तुकडे घासून गोल करून दिले.