मधल्या आवाजाचं वाद्य

गेल्या महिन्यात मडगावहून भाचीचा फोन आला. सहा वर्षं ती व्हायोलिन शिकतेय. सरांनी तिला क्लासच्या वाद्यवृंदात व्हायोला वाजवायला सांगितलं होतं, कारण ते वाजवणारं कुणीच नव्हतं.

"मामा, मी कच्ची आहे म्हणूनच ना?" आवाज रडवेला होता.

मला माझे दिवस आठवले. बीई झाल्यावर पहिल्या नोकरीत मित्रांना डेव्हलपमेंट मिळालं, मला टेस्टिंग. घरी पाहुणे आले की मी फक्त 'सॉफ्टवेअरमध्ये आहे' एवढंच सांगायचो. म्हणून भाचीला मी लायोनेल टर्टिस यांची गोष्ट सांगितली.

व्हायोला दिसतो व्हायोलिनसारखाच, पण थोडा मोठा. व्हायोलिनची सगळ्यात वरच्या सुराची तार त्याला नसते, त्याऐवजी खाली एक जाड तार असते. चाल बहुतेक वेळा व्हायोलिनकडे जाते आणि व्हायोला मधली जागा भरतो. टर्टिस यांच्या तरुणपणी तर व्हायोलिन जमलं नाही की माणसं व्हायोलाकडे वळतात, असाच समज होता.

टर्टिस १८७६ साली इंग्लंडमध्ये जन्मले. घरची गरिबी होती. तेराव्या वर्षी ते पियानो वाजवून कमवायला बाहेर पडले. पैसे साठवून व्हायोलिन शिकले, काही महिने जर्मनीत लाइपझिगलाही राहिले. मग लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये एका सहाध्यायाला चौघांच्या गटासाठी व्हायोलावादक हवा होता. टर्टिस यांनी वाद्य हातात घेतलं आणि त्या भरदार आवाजाने त्यांना धरूनच ठेवलं. चांगला शिक्षक मिळेना, तेव्हा स्वतःच रियाज करून शिकले. हाताला सोपे पडतात म्हणून छोटे व्हायोले वापरायची पद्धत होती. यांनी मोठे शोधले, कारण खालच्या तारेचा खरा आवाज त्यातच होता.

लवकरच ते हेन्री वूड यांच्या क्वीन्स हॉल ऑर्केस्ट्रात प्रमुख व्हायोलावादक झाले. पण ती पक्की जागा सोडून ते एकट्याने वाजवायला निघाले. अडचण एकच, व्हायोलासाठी एकल रचनाच फारशा नव्हत्या. मग त्यांनी तरुण संगीतकारांच्या मागे लागून त्या लिहून घेतल्या. यॉर्क बोवेन यांचा व्हायोला कन्चेर्टो १९०८ साली त्यांनीच पहिल्यांदा वाजवला. आज त्यांच्या नावाने व्हायोलाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते.

भाचीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण मामा, मला व्हायोलिनच आवडतं."

"मग ते सोडू नकोस. पण एक कार्यक्रम व्हायोलावर करून बघ."

आता ती सराव करतेय. व्हायोलाची स्वरलिपी वेगळी वाचावी लागते, तिथे गडबडते. काल मात्र फोनवर तिने ती खालची जाड तार वाजवून दाखवली. दोनदा.

मी अजून टेस्टिंगमध्येच आहे. पाहुण्यांनी विचारलं, तर आता तसंच सांगतो.