छोट्या सॉफ्टवेअर व्यावसायिकाने लिनक्स आणि मॅकचाही विचार करावा का?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. तेव्हापासून अनेक घरांत एकच प्रश्न निघतो: संगणक ठणठणीत आहे, पण विंडोज ११ त्यावर चालत नाही, मग काय करायचे? काहींनी नवा संगणक घेतला, तर काहींनी मुलांच्या मदतीने जुन्यावरच लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली बसवली. ईमेल, फोटो, बँकेची कामे यांत फारशी अडचण येत नाही. घोडे अडते ते गावातल्याच एखाद्या व्यावसायिकाकडून करून घेतलेल्या छोट्या प्रोग्रामपाशी. दुकानाची बिले, सोसायटीचा हिशेब, वाचनालयाची नोंद, सगळे त्यात असते आणि तो फक्त विंडोजवर चालतो.

आपल्यापैकी अनेकांची मुले-सुना-जावई याच व्यवसायात आहेत, म्हणून त्यांची बाजूही समजून घेऊ. प्रोग्राम लिहायचा एकदा, पण सांभाळायचा कायम. मॅकसाठी द्यायचा तर तपासायला मॅक संगणक हवा, शिवाय अ‍ॅपलच्या विकसक योजनेची वर्षाला ९९ डॉलर वर्गणी. लिनक्स फुकट आहे, पण उबंटू, फेडोरा, डेबियन अशी त्याची अनेक रूपे. एकावर नीट चाललेली गोष्ट दुसऱ्यावर अडखळू शकते. दोन-तीन जणांच्या कार्यालयात हा वेळ कुठून आणायचा? ग्राहक तर बहुतेक विंडोजवालेच!

मात्र ‘ग्राहक नाहीत म्हणून प्रोग्राम नाही’ आणि ‘प्रोग्राम नाही म्हणून ग्राहक नाहीत’ हे एक दुष्टचक्र आहे. खुद्द मायक्रोसॉफ्टला त्याचा फटका बसला. विंडोज फोनसाठी कंपनीने नोकियाचा फोन व्यवसाय २०१४ मध्ये विकत घेतला, तरी लोकांना हवी ती अ‍ॅप्स पुरेशी आली नाहीत आणि तो फोन बाजारातून गेला. उलट, कमी गर्दीच्या ठिकाणी छोट्यालाही नाव मिळवता येते. ‘सब्लाइम टेक्स्ट’ हा प्रोग्रामरांचा संपादक ऑस्ट्रेलियातील एका छोट्या कंपनीचा. तो विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो.

मग मार्ग कोणता? सगळीकडे चालेल असे वचन देऊ नये, पण दार कायमचे बंदही करू नये. हिशेबाचे नियम, याद्या, शोध हा प्रोग्रामचा गाभा एका बाजूला आणि पडद्यावरची बटणे दुसऱ्या बाजूला अशी रचना सुरुवातीपासून ठेवली, तर पुढे दुसऱ्या कार्यप्रणालीवर नेताना सगळे नव्याने लिहावे लागत नाही. क्यूटी किंवा फ्लटर यांसारखी साधने त्यासाठीच आहेत. साधी नोंदवही असेल तर ब्राउझरमध्ये चालणारा प्रोग्राम बहुतेक वेळा पुरतो. ज्या कार्यप्रणालीवर आपण स्वतः तपासले, तिचेच नाव जाहिरातीत द्यावे. बाकीच्यांबाबत ‘चालू शकेल, पण जबाबदारी नाही’ असे स्पष्ट सांगणे हाही प्रामाणिक व्यवहारच.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे माहिती मोकळी ठेवणे. मराठी माणसाला हा धडा नवा नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी आपण स्मरणिका, सभासद याद्या ठरावीक फाँटमध्ये टाइप केल्या. तो फाँट नसलेल्या संगणकावर त्याच फाइली उघडल्या, की अक्षरांऐवजी निरर्थक खुणा दिसतात. माहिती युनिकोडमध्ये असेल आणि सीएसव्हीसारख्या साध्या फाइलमध्ये बाहेर काढता येत असेल, तर प्रोग्राम बंद पडला तरी वाचनालयाची नोंद शाबूत राहते. ही सोय करायला मोठी कंपनी लागत नाही.

म्हणून आपल्यापैकी कुणी नवा प्रोग्राम करून घेणार असेल, तर पैसे देण्याआधी दोन प्रश्न जरूर विचारावेत: उद्या संगणक बदलला तर हा चालेल का? आणि नाही चालला, तर आमची माहिती आम्हाला बाहेर काढता येईल का? पहिल्याचे उत्तर ‘नाही’ आले तरी समजून घ्यावे, छोट्या माणसाच्या मर्यादा असतात. दुसऱ्याचे उत्तर मात्र ‘हो’च हवे.