पिंजलेला कापूस आणि हिमशिखरावरचा पार्का
हिंगोली जिल्ह्यातील साखऱ्यासारख्या कापसाच्या मुलखात, पिंजून फुगवलेल्या कापसाची नवी गादी वर्षानुवर्षे दबून चपटी झालेल्या जुन्या गादीपेक्षा अधिक ऊब का देते, हे ज्याने पौषातल्या पहाटे अनुभवले आहे, त्याला गिर्यारोहकाच्या पिसलवी पार्क्याचे, म्हणजे पक्ष्यांच्या मऊ लवेने भरलेल्या टोपीवाल्या जाड कोटाचे, मर्म निराळे सांगावे लागणार नाही. कारण दोन्हीकडे ऊब राखते ती तंतूंत कोंडलेली निश्चल हवाच. 2019 साली पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ या गिर्यारोहण संस्थेचे दहा गिर्यारोहक कांचनजुंगेच्या 8,586 मीटर उंच माथ्यावर पोहोचले, तशा उंचीवर हे वस्त्र म्हणजे प्राणरक्षणाची तजवीजच होय.

पार्क्यात भरलेली हंस-बदकांच्या छातीवरील ही लव किती फुलते, याचा आकडा खरेदीपूर्वी पाहावा: 800 म्हणजे सुमारे 28 ग्रॅम लवेने 800 घन इंच, अर्थात तेरा लिटर जागा व्यापणे. परंतु भरणच तुटपुंजे असेल, तर मोठा आकडाही व्यर्थ. म्हणून लवेचे वजनही विचारून घ्यावे. आरपार घातलेल्या टाक्यांपाशी लव उरत नाही व थंडी शिरते, यास्तव लवेचे कप्पे आतील उभ्या पडद्यांनी पेटीसारखे केलेले असावेत. मला सर्वांत मोलाची वाटते ती मापाची बाब: चढण थांबताच, अंगावरचे काही न उतरवता, वरून चढवता येईल इतका पार्का सैल हवा आणि त्याची टोपी शिरस्त्राणावरून बसली पाहिजे. भिजलेली लव मात्र गोळा होते. ओलसर हवेत कृत्रिम तंतूंचे भरणच बरे.