एकच गाडी चुकते, वाक्यं तीन होतात

नोएडात सेक्टर ५२ ला मेट्रोची निळी लाइन सोडायची, चालत सेक्टर ५१ चं स्टेशन गाठायचं आणि तिथून अ‍ॅक्वा लाइन धरायची. इथं राहणाऱ्या कितीतरी लोकांचा हा रोजचा क्रम. चालण्यात दोन मिनिटं इकडची तिकडं झाली की डोळ्यांदेखत गाडी निघून जाते. मग घरी फोन जातो, आणि त्या फोनवर मराठी माणूस काय म्हणेल? "गाडी चुकल्यामुळे उशीर झाला" म्हणेल. किंवा "गाडी चुकली म्हणून उशीर झाला." किंवा "उशीर झाला, कारण गाडी चुकली."

गाडी तीच, उशीरही तोच. पण शाळेतल्या व्याकरणाला विचारा. पहिलं केवल वाक्य, दुसरं संयुक्त, तिसरं मिश्र. आपण जिभेला जराही ताण न देता एका घटनेची तीन वेगवेगळी बांधकामं उभी करतो आणि हे आपल्या ध्यानातही येत नाही. मला याचं फार नवल वाटतं.

पहिल्या वाक्यात 'चुकणे' या क्रियापदाचा क्रियापदपणाच काढून घेतला आहे. 'चुकल्यामुळे' एकट्यानं वाक्य संपवू शकत नाही. काळाचं सगळं ओझं 'झाला'वर पडतं, म्हणून वाक्य केवल. दुसऱ्यात 'गाडी चुकली' आणि 'उशीर झाला' ही दोन्ही विधानं स्वतःच्या पायावर उभी आहेत आणि 'म्हणून' त्यांना बरोबरीच्या नात्यानं जोडतं. तिसऱ्यात उशीर हे मुख्य सांगणं, आणि गाडीचं वाक्य त्याच्या आधारानं आलेलं. एकटंच 'कारण गाडी चुकली' म्हणालात तर समोरचा विचारेल, कशाचं कारण?

आता 'म्हणून' दिसलं की संयुक्त, असं पाठ करून ठेवाल तर फसाल. "गुण मिळाले म्हणून पेढे वाटले" हे संयुक्त. "गुण मिळावेत म्हणून नवस केला" हे मिश्र. जोडणारा शब्द तोच, जागाही तीच. बदललं फक्त क्रियापद, 'मिळाले'चं 'मिळावेत' झालं. पहिल्यात घडून गेलेली गोष्ट आणि तिचा परिणाम आहे, दुसऱ्यात अजून न घडलेला हेतू. मोरो केशव दामले यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली आलं. त्यांच्या परंपरेतल्या व्याकरणांत 'म्हणून' हे उभयान्वयी एकाहून अधिक गटांत बसवलेलं दिसतं, ते उगीच नव्हे.

आमच्या वसाहतीतल्या मराठी मुलांना मी रविवारी मराठी शिकवते. दहावीच्या हिंदीत त्यांना रचनेच्या आधारे वाक्यभेद असतात, सरल, संयुक्त आणि मिश्र. इंग्रजी व्याकरणातही हेच प्रकार. त्यामुळे सगळ्यांनी एक युक्ती शिकून ठेवलेली असते. वाक्यात जोडणारा शब्द शोधायचा आणि त्यावरून प्रकार लिहून मोकळं व्हायचं. परीक्षेपुरती ही युक्ती बऱ्याचदा चालते. मराठीत ती लगेच उघडी पडते.

"मी चहा आणि बिस्किटं घेतली." 'आणि' आहे, पण ते दोन पदार्थांना जोडतं, दोन वाक्यांना नाही. वाक्य केवल. याच्या उलट हे वाक्य घ्या, "तू सांगितलंस ते मी केलं." जोडणारा शब्द मुलांना सापडतच नाही, तरी वाक्य पक्कं मिश्र आहे. पूर्ण रूप 'तू जे सांगितलंस ते मी केलं' असं. त्यातलं 'जे' मराठी माणूस बोलताना सहज गाळतो, आणि नुसत्या 'ते'च्या जोरावर मागचं सगळं वाक्य नामासारखं वापरतो. "टेबलावर आहे ते पुस्तक दे", "काल आले ते काका". हिंदीत अशा जागी 'जो' बहुधा ठेवावाच लागतो.

आणखी एक वाट आहे, आणि ती मला सगळ्यांत देखणी वाटते. "बाबांनी आणलेले आंबे गोड निघाले." इथं 'बाबांनी आंबे आणले' हे अख्खं वाक्य आंब्यांचं विशेषण होऊन बसलं आहे, आणि तरीही बाबांचा 'नी' जागेवर आहे. हिंदीत गेलं की 'पिताजी के लाए हुए आम' होतं, म्हणजे कर्त्याला षष्ठी घ्यावी लागते. मराठीत वाक्य विशेषण झालं तरी बाबा कर्तेच राहतात.

मग येतो 'ऊन' हा प्रत्यय. "सकाळी उठून, चहा पिऊन, डबा घेऊन, रिक्षा पकडून तो स्टेशनवर गेला." पाच क्रिया, पण काळ दाखवणारं क्रियापद एकच, म्हणून वाक्य केवल. एवढ्या लांबलचक वाक्याला केवल म्हटलेलं मुलांना पटत नाही, आणि तिथंच शिकवायला खरी मजा येते. संस्कृतात याच कामाला 'त्वा' होता. पाणिनीनं अष्टाध्यायीत त्याची अट घालून दिली की दोन क्रियांचा कर्ता एक असला, तर आधीच्या क्रियेच्या धातूला हा प्रत्यय लागतो. 'उठून गेला' या अटीत चपखल बसतं. पण "पाऊस पडून रस्ता तुंबला" म्हणताना पडणारा पाऊस आणि तुंबणारा रस्ता हे दोन वेगळे कर्ते आहेत. दुसरी घटना पहिलीतून आपोआप घडली असेल, तर मराठी ही सूट देते. "मी घरी येऊन तो झोपला" असं मात्र कुणी मराठी माणूस म्हणणार नाही. हा नियम आपल्याला कुणी शिकवला होता?

१९७६ साली कॉलिन मसिका या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाचं दक्षिण आशियातल्या भाषांवरचं पुस्तक निघालं. आर्य आणि द्रविड कुळं वेगळी, तरी त्यांच्या काही सवयी सारख्या आहेत, हे त्यानं नकाशे काढून दाखवलं. क्रियांची अशी माळ ओवण्याची सवय त्यातलीच एक, आणि ती मध्य आशियातून पार जपानपर्यंत पोचलेली दिसते.

मराठी या दोन कुळांच्या सीमेवरची. ते नीट पाहायचं तर 'की' आणि 'असं' बघा. "तो म्हणाला की मी येतो" आणि "मी येतो असं तो म्हणाला", आपल्याला दोन्ही चालतात. पहिली रचना उत्तरेकडची, हिंदीसारखी. दुसरीत आधी बोलणं आणि मग बोलणारा, जशी कन्नडात 'अंत'ची किंवा तेलुगूत 'अनि'ची ठेवण असते. आपलं "येतो म्हणून सांगून गेला" त्याच घराण्यातलं. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडमध्ये मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदल्या. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी १९७१ मध्ये तिथल्या बोलींवर लिहिलं, की वाक्यांची ठेवण इतकी एक झाली आहे की शब्दाला शब्द ठेवून एका भाषेतून दुसरीत जाता येतं.

'मी येतो असं तो म्हणाला' यातला 'मी' पुन्हा वाचा. हा 'मी' बोलणाऱ्याचा नाही, त्या 'तो'चा आहे. दुसऱ्याचा 'मी' आपण आपल्या तोंडून जसाच्या तसा बोलतो आणि ऐकणाऱ्याचा क्षणभरही घोटाळा होत नाही. इंग्रजीत तिथं सर्वनाम आणि काळ दोन्ही बदलायची कसरत करावी लागते, वर त्यावर परीक्षेत प्रश्न येतो.

इथल्या मुलांच्या मराठीत ही दुसरी रचना हळूहळू कमी होताना मी ऐकते. "मला वाटतं की तो येणार नाही" हे ती पटकन म्हणतात. "तो येणार नाही असं मला वाटतं" हे त्यांना आठवावं लागतं. पहिलं चूक नाही, पण दोन वाटा असलेल्या घरात एकच दार वापरलं जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. उलट या मुलांइतकी चांगली प्रयोगशाळा दुसरी नाही. एकच गोष्ट तीन भाषांत आणि तीन प्रकारांनी मांडून कुठं काय बदललं, हे ती स्वतः तपासू शकतात.

तेव्हा शिक्षकांना आणि पालकांना एक विनंती. 'वाक्याचा प्रकार ओळखा' हा प्रश्न थोडे दिवस बाजूला ठेवा. त्याऐवजी आज घरात झालेलं कुठलंही साधं बोलणं घ्या, आणि मुलाला ते केवल, संयुक्त आणि मिश्र अशा तिन्ही तऱ्हांनी बोलून दाखवायला सांगा. मग विचारा, यातलं कुठलं वाक्य तू आजीला फोनवर सांगशील, आणि का?