सायबर सुरक्षेची शाळा तालुक्यात भरावी

लग्नाची पत्रिका म्हणून व्हॉट्सॲपवर एक फाईल येते. तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असतं. ती पत्रिका नसतेच, ते ॲप असतं. एकदा ते फोनमध्ये बसलं, की मेसेज वाचायची परवानगी मागतं, आणि ती दिली की बँकेचा ओटीपी परस्पर चोरट्याच्या हाती पडतो. पीएम किसान, आरटीओचं चलान अशा नावांनीही असल्या फाईली गावोगाव फिरतात. अशी एखादी फाईल महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, इंटरनेटपासून तोडलेल्या संगणकावर उघडून बघावी. ॲपने मागितलेल्या परवानग्यांची यादी बारावीच्या पोरालाही वाचता येते. पत्रिकेला माझे मेसेज कशाला हवेत, हा प्रश्न ज्याला पडतो, त्याचं या विद्येतलं पहिलं पाऊल पडलेलं असतं.

बीड जिल्ह्यात हा प्रश्न पडू शकेल अशी पोरं-पोरी भरपूर आहेत. दिवाळी सरली की अनेकांचे आईवडील कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. मागे राहिलेलं थोरलं पोरगंच घरचा सगळा ऑनलाइन कारभार बघतं: पीक विम्याचा अर्ज, शेतकरी ओळख क्रमांक, शिष्यवृत्ती, आजीच्या पगाराची चौकशी. ओटीपी त्याच्याच फोनवर येतो आणि फसवणुकीचा पहिला फोनही. घराच्या डिजिटल दाराशी ते आधीच उभं आहे. ते दार राखायचं कसं, एवढं मात्र त्याला कोणी शिकवलेलं नाही.

शिकवायचं म्हटलं की प्रभातफेरी निघते, एक व्याख्यान होतं, प्रमाणपत्र मिळतं. क्विक हील फाउंडेशनचा 'सायबर शिक्षा फॉर सायबर सुरक्षा' हा उपक्रम त्याच्या पुढे गेलेला आहे. त्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना तयार करून 'सायबर वॉरिअर' म्हणून शाळांमध्ये पाठवलं जातं. दुसऱ्याला समजावून सांगताना विषय आपल्याही डोक्यात पक्का बसतो, म्हणून ही पद्धत मला मोलाची वाटते. तरीही जागृती वेगळी आणि नोकरी देणारं कौशल्य वेगळं. कौशल्यासाठी रोजचा सराव लागतो.

त्या सरावाची गरज किती, हे पुण्याच्या कॉसमॉस बँकेने दाखवून दिलं. ११ ऑगस्ट २०१८ च्या शनिवारी चोरट्यांनी एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेच्या जागी स्वतःची बनावट यंत्रणा उभी केली. मंजुरीची विचारणा बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत पोचलीच नाही. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. १३ तारखेला बँकांमधल्या परदेशी व्यवहारांचे संदेश नेणाऱ्या स्विफ्ट प्रणालीतून आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगला गेले. एकूण नुकसान ९४ कोटींच्या वर. त्यानंतर ३१ डिसेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी चार पातळ्यांची सायबर सुरक्षा चौकट लागू केली. परिपत्रक मुंबईहून निघतं. ते अमलात आणणारं माणूस मात्र शाखेच्या गावात लागतं.

हे काम म्हणजे सगळीच काही अवघड प्रोग्रॅमिंग नव्हे. सर्व्हरची नोंदवही, म्हणजे लॉग, वाचता यावा लागतो. रात्री अडीच वाजता एकाच आयपी पत्त्यावरून तीनशे वेळा चुकीचा पासवर्ड पडला आणि पुढच्या खेपेला बरोबर पडला, तर त्या ओळीपाशी थांबायची नजर लागते. ती नजर पुस्तकाने येत नाही, हजारो ओळी चाळल्यावर येते. फसलेल्या माणसाला धीर देऊन, त्याच्याच बोलीत नेमके प्रश्न विचारून, व्यवहाराचा क्रमांक काढून घेणं आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायला लावणं, हेही कामच आहे. तक्रार लवकर गेली तर पैसा पुढच्या खात्यात गोठवता येतो. उशीर झाला तर तो चार-पाच खात्यांतून पसार होतो. आणि ही खाती कोणाची? थोड्या पैशांसाठी पासबुक-एटीएम दुसऱ्याला वापरायला देणाऱ्या कॉलेजच्या पोरांचीही असतात. शाळेत पहिल्यांदा हेच सांगायला हवं, कारण त्यात पोरगं थेट आरोपी होतं.

शिकायच्या जागा अगदीच नाहीत असं नाही. छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या आवारात नायलिट ही केंद्र सरकारची संगणक-प्रशिक्षण संस्था आहे, शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थाही त्याच शहरात. यूजीसीने २०२२ मध्येच पदवी आणि पदव्युत्तर पातळीसाठी सायबर सुरक्षेचा अभ्यासक्रम जाहीर केला. पण आष्टी किंवा धारूरच्या मुलीला तिथे राहून शिकणं परवडत नाही, आणि पुण्याला गेलेला मुलगा सहसा परत येत नाही.

याला महाराष्ट्रापाशी स्वतःचा तोडगा आहे. २००१ साली स्थापन झालेल्या एमकेसीएलने एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम तालुक्याच्या गावातल्या साध्या संगणक क्लासांतून, मराठीत, घरोघर पोचवला. सरकारी नोकरीला तो आवश्यक ठरल्याने क्लास भरले. सुरक्षेच्या शिक्षणाला तोच रस्ता हवा: शिकवणं तालुक्यात, समजावणं मराठीत, इंग्रजी संज्ञा जशाच्या तशा, आणि शेवटी कामाचा दाखला. टाटा टेक्नॉलॉजीजच्या सहभागाने बीडमध्ये सुमारे १९१ कोटींचं सीआयआयआयटी हे कौशल्य केंद्र २०२५ मध्ये जाहीर झालं आहे. त्यात सायबर सुरक्षेची एक स्वतंत्र प्रयोगशाळा असावी, आणि अंबाजोगाई, परळी, माजलगावच्या बीसीए, बीएस्सीच्या विद्यार्थ्यांना तिथे आळीपाळीने बसवावं. जिल्ह्यातल्या सहकारी बँकांनी, पतसंस्थांनी आणि सायबर पोलिसांनी दरवर्षी काही जणांना सहा महिने उमेदवारीला घ्यावं. विद्यावेतन मात्र पहिल्या महिन्यापासून द्यावं, कारण एसटीचं भाडं आणि मेसचा खर्च निघाला नाही, तर हुशार पोरगी तिसऱ्या आठवड्यात घरी बसते.