2,14,74,83,647 : घड्याळ अडवणारी संख्या

फोन हातात आहेच, तर जरा कॅल्क्युलेटर उघडा. 2 हा आकडा एकतीस वेळा घेऊन गुणाकार करा आणि उत्तरातून 1 वजा करा. काय आलं? 2,14,74,83,647. दिसायला मोबाइल नंबरसारखी, दहा आकडी. पण हिची ओळख करून घ्याच, कारण 2038 मध्ये तुमची-तिची गाठ पडणार आहे!

पहिली खासियत म्हणजे ही मूळ संख्या आहे. 1 आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही. आता हे सिद्ध कसं करायचं? सरळ मार्ग म्हणजे तिच्या वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे 46,340 पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. अशा चार हजार सातशेहून जास्त आहेत. कॅल्क्युलेटरशिवाय बसा भागत!

लिओनार्ड ऑयलरने डोकं चालवलं. या संख्येला भाग जाणारी मूळ संख्या असलीच, तर तिला 62 ने भागल्यावर बाकी 1 उरली पाहिजे आणि 8 ने भागल्यावर 1 किंवा 7. या चाळणीतून ऐंशीच्या आसपासच संख्या खाली उरतात. त्यातल्या एकीनेही भाग जात नाही. झालं काम! 1772 मध्ये हा निकाल प्रसिद्ध झाला तेव्हा ऑयलरची दृष्टी जवळजवळ गेली होती. पुढे पाऊणशे वर्षं तरी याहून मोठी मूळ संख्या कुणाला सापडली नाही.

आता कॉम्प्युटरकडे या. बायनरीत ही संख्या लिहिली की ओळीने एकतीस वेळा 1 येतो. 32 बिटच्या जागेत एक बिट अधिक-उणे चिन्हासाठी गेला की उरतात 31. म्हणून त्या जागेत मावणारी सगळ्यात मोठी संख्या हीच. 2014 मध्ये ‘गंगनम स्टाइल’चे व्ह्यूज या आकड्यापुढे गेले, तेव्हा युट्यूबला काउंटरची मर्यादा वाढवावी लागली होती.

खरी गंमत पुढेच आहे. अनेक यंत्रं 1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद मोजून वेळ ठरवतात. 19 जानेवारी 2038 रोजी आपल्याकडे सकाळचे 8 वाजून 44 मिनिटं 7 सेकंद होतील, तेव्हा ही मोजणी नेमकी 2,14,74,83,647 वर पोचेल. पुढच्या सेकंदाला 32 बिटवाल्या यंत्रात आकडा उणे होईल आणि तारीख थेट डिसेंबर 1901! तुमचा नवा फोन 64 बिटचा असेल, त्यामुळे त्याची काळजी नको. पण कारखान्यांत, यंत्रांच्या पोटात बसवलेल्या जुन्या चिप कोण शोधून बदलणार? कदाचित तुमच्यापैकीच कुणीतरी. तो जॉब आत्तापासून हेरून ठेवा.

आणि हो, 64 बिटची मर्यादा म्हणजे 2 चा त्रेसष्टावा घात वजा 1. ती मूळ संख्या आहे का? 7 ने भागून बघा!